कृष्णधवल विनोदपटांचा जीर्णोद्धार

अमेरिकेत १९१२ ते १९२९ या काळात सुमारे अकरा हजार पूर्ण लांबीचे मूकपट तयार झाले. त्यांपैकी अवघे १४ टक्के मूळ स्वरूपात शिल्लक असल्याचे डेव्हिड पिअर्स यांनी लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. आणखी ११ टक्के चित्रपट परदेशी आवृत्त्यांत किंवा कमी दर्जाच्या लहान फिल्मवर सापडतात. बाकीचे काही तुटक-अपुरे उरले आहेत आणि बहुतेक पूर्णपणे गेले आहेत. या पडझडीतही विनोदपट तुलनेने तगून राहिले. मात्र कोणता विनोदपट टिकला आणि कोणत्या रूपात टिकला, हे त्याच्या दर्जापेक्षा त्याची निगेटिव्ह कोणाच्या ताब्यात होती यावर अधिक ठरले. चॅप्लिन, हॅरल्ड लॉइड, बस्टर कीटन आणि लॉरेल-हार्डी यांच्या चित्रपटांचा इतिहास म्हणूनच एकमेकांपेक्षा वेगळा आहे आणि त्यांच्या जीर्णोद्धाराची रीतही वेगवेगळी आहे.

नाशाची कारणे

१९५०च्या सुमारापर्यंत व्यावसायिक चित्रपट सेल्युलोज नायट्रेटच्या फिल्मवर निघत. या फिल्मवर प्रतिमा अतिशय तेजस्वी उमटे, पण ती चटकन पेट घेई आणि पेटली की पाण्यानेही विझत नसे. १९३७ मध्ये न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्स कंपनीच्या कोठाराला आग लागली, तेव्हा त्या कंपनीच्या मूकपटांचा मोठा भाग जळाला. आगीतून वाचलेली नायट्रेट फिल्मही हळूहळू कुजते. आधी प्रतिमा फिकट होते, मग फिल्म चिकट होऊन वेटोळी एकमेकांना घट्ट बसतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते.

१९४८ मध्ये कोडॅकने सुरक्षित ट्रायअॅसिटेट फिल्म आणली आणि प्रश्न सुटला असे वाटले. पण उष्ण, दमट हवेत हीही फिल्म आंबते, आक्रसते आणि तिला व्हिनेगरचा उग्र वास येऊ लागतो. या दोषाची पहिली तक्रार कोडॅककडे भारत सरकारकडूनच गेली होती.

निसर्गापेक्षा व्यवहाराने केलेले नुकसानही कमी नव्हते. बोलपट आल्यावर मूकपटांना बाजारात किंमत उरली नाही. फिल्मवरील चांदी काढून विकणे आणि कोठाराची जागा मोकळी करणे हाच शहाणपणा मानला गेला. १९४८ मध्ये युनिव्हर्सल कंपनीने आपल्याकडे उरलेल्या मूकपटांच्या निगेटिव्ह नष्ट केल्या. लोकप्रिय विनोदपटांवर आणखी एक संकट होते. मागणी मोठी असल्यामुळे एकाच निगेटिव्हवरून वर्षानुवर्षे प्रिंट काढल्या जात. निगेटिव्ह झिजली की प्रिंटवरून दुसरी निगेटिव्ह आणि तिच्यावरून पुन्हा प्रिंट निघे. प्रत्येक पिढीत चेहरे पांढरे पडत जात, सावल्या काळ्या होत आणि चौकटीची कड कापली जाई. चॅप्लिनने १९१४ मध्ये कीस्टोन कंपनीत एका वर्षात केलेल्या पस्तीसच्या आसपास चित्रपटांचे नेमके हेच झाले. ते जगभर चालले आणि त्या चालण्यानेच झिजले.

मालकी आणि नशीब

चॅप्लिनने हा धडा लवकर घेतला. १९१८ पासून तो स्वतःच्या स्टुडिओत काम करू लागला आणि १९१९ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्स या वितरण कंपनीचा सहसंस्थापक झाला. पुढे त्याच्या चित्रपटांचे हक्क आणि निगेटिव्ह त्याच्याच ताब्यात राहिल्या. त्यामुळे त्याचे चित्रपट वाचले, पण ते जसेच्या तसे राहिले नाहीत, कारण मालकच त्यांत बदल करत होता. ‘द गोल्ड रश’ (१९२५) त्याने १९४२ मध्ये नव्याने प्रदर्शित केला, तेव्हा मजकुराच्या पाट्या काढून स्वतःच्या आवाजातील निवेदन घातले आणि शेवटचे चुंबनही कापले. १९५९ मध्ये ‘द चॅप्लिन रेव्ह्यू’मध्ये त्याने जुने तीन चित्रपट एकत्र आणले. मूकपटाची गती बोलपटाशी जुळवण्यासाठी काही चौकटी दोनदा छापल्या गेल्या आणि हालचालींना हिसके बसू लागले. ‘द किड’ (१९२१) मधील काही प्रसंगही त्याने १९७१ च्या आवृत्तीतून वगळले आणि नवे संगीत जोडले.

लॉइडनेही आपल्या चित्रपटांचे हक्क मिळवले आणि बेव्हर्ली हिल्समधील ‘ग्रीनएकर्स’ या घराच्या आवारात फिल्मचे कोठार बांधले. १९४३ मध्ये त्या कोठाराला आग लागली आणि त्याच्या सुरुवातीच्या अनेक लघुपटांच्या प्रती कायमच्या गेल्या. मोठे चित्रपट वाचले. मात्र लॉइड ते सहजासहजी कोणाला दाखवू देत नसे. १९६२ मध्ये निवडक प्रसंगांचे संकलन त्याने स्वतः काढले, तरी दूरचित्रवाणीवर जुने विनोदपट रोज दिसण्याच्या काळात त्याचे चित्रपट त्यात फारसे नव्हते. घड्याळाच्या काट्याला लटकलेला चष्मेवाला माणूस लोकांना छायाचित्रातून ठाऊक होता, पण ‘सेफ्टी लास्ट!’ (१९२३) पाहिलेले प्रेक्षक थोडेच होते.

कीटनचे उलट झाले. १९२० ते १९२८ या काळातील त्याचे लघुपट आणि ‘द जनरल’सह मोठे चित्रपट निर्माता जोसेफ शेंक याच्या कंपनीचे होते आणि कीटनचा त्यात मालकीहक्क नव्हता. १९२८ मध्ये तो एमजीएमकडे नोकरीला गेला आणि त्याच्या जुन्या निगेटिव्ह विस्कळीत झाल्या. त्याच्या पूर्वीच्या आलिशान घरात पुढे नट जेम्स मेसन राहायला आला. १९५०च्या दशकात त्या घराच्या आवारात कीटनच्या चित्रपटांच्या नायट्रेट प्रिंटचे डबे सापडले. त्याच सुमारास, १९५४ मध्ये, लॉस एंजेलिसमधील कॉरोनेट चित्रपटगृह चालवणारा संग्राहक रेमंड रोहाउअर आणि कीटन यांची भेट झाली. रोहाउअरने कुजू लागलेल्या प्रिंट सुरक्षित फिल्मवर उतरवून घेतल्या, जगभरातून प्रती गोळा केल्या आणि हक्कांवरून अनेकांशी कोर्टकज्जेही केले. त्याच्या पद्धतींवर टीका झाली, तरी कीटनचे काम पुन्हा पडद्यावर आले ते बऱ्याच अंशी त्याच्यामुळे. १९६५ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात प्रेक्षकांनी उभे राहून कीटनचे स्वागत केले. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९६६ मध्ये, तो वारला.

लॉरेल आणि हार्डी पगारी नट होते आणि त्यांचे चित्रपट निर्माता हॅल रोचचे होते. रोचने ते पुनर्प्रदर्शनासाठी आणि पुढे दूरचित्रवाणीसाठी वेगवेगळ्या कंपन्यांना विकले. प्रत्येक कंपनीने मूळ शीर्षके कापून आपली जोडली आणि त्याच निगेटिव्हवरून शेकडो प्रती काढल्या. त्यामुळे सर्वांत अधिक पाहिल्या गेलेल्या या जोडीचे चित्रपट पुढील पिढ्यांनी बहुधा सर्वांत वाईट प्रतींत पाहिले. १९८०च्या दशकात त्यांच्या काही चित्रपटांना संगणकाने रंगही चढवले गेले. अशा रंगवण्याला दिग्दर्शकांनी मोठा विरोध केला. त्या वादातून अमेरिकेत १९८८ चा चित्रपट संरक्षण कायदा झाला आणि राष्ट्रीय चित्रपट नोंदवही सुरू झाली. १९८९ च्या पहिल्या पंचवीस चित्रपटांत ‘द जनरल’, ‘मॉडर्न टाइम्स’ आणि ‘सम लाइक इट हॉट’ हे विनोदपट होते.

हक्कांच्या गुंत्यामुळे बोलपटही अडकले. मार्क्स बंधूंचा ‘अॅनिमल क्रॅकर्स’ (१९३०) मूळ नाटकाच्या हक्कांची मुदत संपल्यामुळे १९५७ पासून प्रदर्शनातून बाहेर होता. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी सह्यांची मोहीम चालवल्यानंतर १९७४ मध्ये तो परत आला. तरीही तो पूर्ण नव्हता. १९३६ च्या पुनर्प्रदर्शनाच्या वेळी सेन्सॉरच्या संहितेसाठी काही चावट संवाद कापले गेले होते. ते ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटकडील न कापलेल्या प्रतीत टिकले होते आणि २०१६ च्या जीर्णोद्धारात ते पुन्हा चित्रपटात आले.

पुन्हा प्रेक्षकांसमोर

मूक विनोदपटांकडे पुन्हा लक्ष वेधण्याचे श्रेय समीक्षक जेम्स एजी यांच्या एका दीर्घ लेखाला दिले जाते. सप्टेंबर १९४९ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात आलेल्या या लेखात त्यांनी चॅप्लिन, लॉइड, कीटन आणि हॅरी लँगडन यांना त्या कलेचे चार श्रेष्ठ मानले. १९५७ मध्ये रॉबर्ट यंगसनने ‘द गोल्डन एज ऑफ कॉमेडी’ हे संकलन काढले आणि जुन्या मूकपटांचे तुकडे नव्या प्रेक्षकांसमोर आले. फ्रान्समध्ये माक्स लँदर या चॅप्लिनपूर्व विनोदवीराचे विस्मरणात गेलेले काम त्याची मुलगी मोद लँदर हिने शोधून जमवले आणि १९६३ मध्ये त्याच्यावर चित्रपट केला. घरगुती प्रोजेक्टरसाठी १६ आणि ८ मिलिमीटरच्या प्रती विकणाऱ्या कंपन्यांचाही यात वाटा होता. आयोवा राज्यातील ब्लॅकहॉक फिल्म्सने अशा हजारो प्रती घरोघर पोहोचवल्या. काही चित्रपट आज केवळ घरगुती वापराच्या काटछाट केलेल्या प्रतींमुळे उरले आहेत.

ब्रिटनमध्ये केव्हिन ब्राउनलो आणि डेव्हिड गिल यांनी या कामाला अभ्यासाची शिस्त दिली. १९८३ च्या त्यांच्या ‘अननोन चॅप्लिन’ या मालिकेत चॅप्लिनने टाकून दिलेली चित्रीकरणे होती. १९१६-१७ मधील म्युच्युअल कंपनीच्या काळातील ही फिल्म रोहाउअरच्या संग्रहात राहिली होती. कोणताही विनोद चॅप्लिनला एकदम सुचत नसे, तो कॅमेऱ्यासमोर पुन्हापुन्हा करून घडवला जाई, हे त्यातून प्रथमच पाहता आले. कीटन आणि लॉइड यांच्यावरही त्यांनी मालिका केल्या. १९९३ मध्ये त्यांनीच ‘द गोल्ड रश’ची १९२५ ची मूक आवृत्ती पुन्हा जुळवली.

दुरुस्तीची रीत

जीर्णोद्धाराची पहिली पायरी संगणकावर नसते. जगभरातील संग्रहालये आणि खासगी संग्रह यांतून त्या चित्रपटाच्या मिळतील तेवढ्या प्रती मागवाव्या लागतात आणि त्या शेजारी ठेवून चौकटीगणिक ताडून पाहाव्या लागतात. कीस्टोनमधील चॅप्लिनपटांसाठी ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, इटलीतील बोलोन्याची चिनेतेका आणि पॅरिसची लॉब्स्टर फिल्म्स या संस्था एकत्र आल्या. त्यांनी अनेक देशांतील प्रतींतून एकेक चित्रपट पुन्हा बांधला. संग्रह २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

या तुलनेत एक वेगळी अडचण येते. मूकपटांच्या काळात अनेक निर्माते दोन कॅमेरे शेजारी लावून चित्रीकरण करत. एका कॅमेऱ्याची निगेटिव्ह अमेरिकेसाठी आणि दुसऱ्याची परदेशांसाठी. दोहोंतील कोन थोडा वेगळा असे, कधी अभिनयाचा प्रयत्नही दुसराच निवडलेला असे. त्यामुळे दोन प्रतींतील तुकडे डोळे झाकून सांधता येत नाहीत. २०१३ मध्ये अर्जेंटिनातील चित्रपट-इतिहासकार फेर्नांदो पेन्या यांना कीटनच्या ‘द ब्लॅकस्मिथ’ची एक प्रत सापडली. तिच्यात नेहमीच्या आवृत्तीत नसलेले प्रसंग होते. अशा वेळी कोणती आवृत्ती खरी, याला एकच उत्तर नसते. दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या जतन करणे हाच प्रामाणिक मार्ग ठरतो.

निवड झाल्यावर फिल्म हाताने दुरुस्त होते. फाटलेल्या कडा, तुटलेली भोके आणि जुने सांधे नीट केले जातात. मग प्रत धुऊन स्कॅन केली जाते. फिल्म विशिष्ट द्रवात बुडवून स्कॅन केली की तळावरचे ओरखडे भरून निघतात आणि दिसेनासे होतात. पुढे संगणकावर थरथर, लुकलुक, धूळ आणि डाग काढले जातात. या टप्प्यावर अति करण्याचा मोह मोठा असतो. फिल्मचे दाणे पुसून टाकले तर चेहरे मेणाचे दिसू लागतात. झपाट्याने जाणारी वस्तू संगणकाला धूळ वाटून मिटू शकते, आणि विनोदपटात वस्तू सतत हवेतून उडत असतात. म्हणून यंत्राने केलेली प्रत्येक सफाई माणसाच्या डोळ्यांखालून जावी लागते.

मजकुराच्या पाट्यांचे काम स्वतंत्रच असते. परदेशी प्रतीत त्या फ्रेंच, चेक किंवा रशियन भाषेत असतात. मूळ मजकूर पटकथा, सेन्सॉरच्या नोंदी आणि इतर प्रती यांवरून ठरवून त्या काळच्या अक्षरांत पुन्हा तयार करतात. काही निगेटिव्हमध्ये पाटीच्या जागी केवळ एकदोन चौकटींची खूण असते. पाटी कुठे येते हे तेवढ्यावरून कळते. अनेक मूकपट खरे तर निव्वळ काळेपांढरे नव्हतेच. रात्रीच्या प्रसंगांना निळी, दिव्याच्या उजेडाला पिवळसर अशी छटा दिली जाई. मूळ प्रिंट मिळाली तर या छटाही परत देता येतात.

विनोदपटांत गतीला विशेष महत्त्व आहे. मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरत आणि सेकंदाला किती चौकटी घ्यायच्या याला पक्का नियम नव्हता. साधारणपणे त्या सोळा ते चोवीसच्या दरम्यान असत. धावपळीचे प्रसंग मुद्दाम हळू हाताने टिपत, म्हणजे पडद्यावर ते वेगात दिसत. बोलपट आल्यावर प्रोजेक्टर सेकंदाला चोवीस चौकटींवर स्थिर झाले आणि जुने चित्रपट दूरचित्रवाणीवर बहुधा त्याच वेगाने दाखवले गेले. जुन्या काळची माणसे टकाटक चालतात, ही समजूत बरीचशी त्यातूनच आली. जीर्णोद्धारात नैसर्गिक हालचालीची गती शोधणे हे उद्दिष्ट नसते. नटाला अपेक्षित असलेली गती शोधायची असते, आणि ती दृश्यागणिक बदलू शकते. सांध्याजवळ दोनचार चौकटी गेल्या तर नाटकी प्रसंगात त्या जाणवतही नाहीत. विनोदात मात्र लाथ आणि पडणे यांमधला क्षण हरवला की हशा जातो.

हरवलेले आणि सापडलेले

लॉरेल-हार्डीचा ‘द बॅटल ऑफ द सेंच्युरी’ (१९२७) या शोधाचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या शेवटी रस्त्यावर ‘पाय’ (pie) हा खाद्यपदार्थ एकमेकांवर फेकण्याची प्रचंड मारामारी आहे. यंगसनने १९५७ च्या संकलनात तिचा थोडासा भाग घेतला आणि पुढे कित्येक दशके तेवढाच उपलब्ध होता. दुसरे रीळ गेले असेच समजले जाई. २०१५ मध्ये जॉन मिर्सालिस या संग्राहकाकडे त्याची पूर्ण प्रत सापडली. ती एका दुसऱ्या संग्राहकामार्फत यंगसनच्याच संग्रहातून आली होती. पहिल्या रिळाचा काही भाग मात्र अजून नाही, आणि तेथे छायाचित्रे आणि पाट्या घालून दुवा साधला आहे. त्याच्या पाच वर्षे आधी, २०१० मध्ये, मिशिगनमधील जुन्या वस्तूंच्या विक्रीत घेतलेल्या एका रिळात ‘अ थीफ कॅचर’ (१९१४) निघाला. त्यात पोलिसाच्या छोट्या भूमिकेत चॅप्लिन आहे. त्याच्याच ‘हर फ्रेंड द बँडिट’ (१९१४) ची आणि लॉरेल-हार्डीच्या ‘हॅट्स ऑफ’ (१९२७) ची मात्र एकही प्रत अद्याप मिळालेली नाही.

प्रदर्शन आणि संगीत

मूकपट कधीच मुके दाखवले जात नसत. लहान गावात पियानो, मोठ्या शहरात वाद्यवृंद असे. म्हणून प्रत नीट झाली तरी संगीताशिवाय प्रदर्शन अपुरेच. ब्राउनलो आणि गिल यांच्या आवृत्त्यांसाठी कार्ल डेव्हिस यांनी नवे संगीत रचले आणि वाद्यवृंदासह प्रयोग केले. चॅप्लिनच्या संगीताच्या मूळ स्वरलेखनावरून टिमथी ब्रॉक यांनी त्याच्या अनेक चित्रपटांचे संगीत प्रत्यक्ष वादनासाठी पुन्हा सिद्ध केले. वादक पडद्याकडे पाहत वाजवतात, हशा लांबला तर सांभाळतात, आणि भरलेल्या सभागृहात विनोदाची गती पुन्हा कळते. एकट्याने पाहताना जो विराम रेंगाळल्यासारखा वाटतो, तो हजार माणसांच्या हशाला जागा देण्यासाठी ठेवलेला असतो.

इटलीतील पोर्देनोने येथे १९८२ मध्ये मूकपटांचा महोत्सव सुरू झाला. त्याचे पहिले वर्ष माक्स लँदरलाच वाहिलेले होते. बोलोन्यातील ‘इल चिनेमा रित्रोवातो’ हा महोत्सव १९८६ पासून भरतो. उन्हाळ्यात तेथील पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकात मोठा पडदा लागतो आणि हजारो लोक विनामूल्य चित्रपट पाहतात. याच शहरातील चिनेतेकाने चॅप्लिनच्या चित्रपटांचा आणि कागदपत्रांचा प्रकल्प हाती घेतला, आणि २०१५ पासून कीटनच्या चित्रपटांचाही. ‘द गोल्ड रश’ची शताब्दीनिमित्त केलेली नवी आवृत्ती २०२५ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली.

या कामाचा एक धागा महाराष्ट्रातही येतो. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी देशी चित्रपटांबरोबर परदेशी अभिजात चित्रपटांच्या प्रतीही तेथे जमवल्या. संग्रहालयाच्या प्रती फिल्म सोसायट्यांपर्यंत पोहोचत आणि चित्रपट शिकणाऱ्यांच्या अनेक पिढ्या त्यांवर घडल्या. नायट्रेटचा धोका पुण्यालाही चुकला नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातील कोठाराला आग लागली आणि जुन्या भारतीय चित्रपटांची अनेक रिळे नष्ट झाली. पुढे मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतनाची प्रशिक्षण शिबिरे सुरू केली. २०१५ मध्ये मुंबईत आणि २०१६ मध्ये पुण्यात झालेल्या शिबिरांत बोलोन्याच्या ‘लिम्माजिने रित्रोवाता’ या प्रयोगशाळेतील तज्ज्ञांनी भारतीय विद्यार्थ्यांना शिकवले. चॅप्लिन-कीटनच्या फिल्मवर घासून पुसून सिद्ध झालेली पद्धत अशी येथील कारागिरांच्या हाती आली.

अमेरिकी कायद्यानुसार प्रसिद्धीनंतर ९५ वर्षांनी चित्रपटावरील हक्क संपतो. जानेवारी २०२५ पर्यंत १९२९ अखेरपर्यंतचे सर्व चित्रपट त्या देशात सर्वांसाठी खुले झाले. एका अर्थाने मालकीचा प्रश्न तेथे मिटला आणि हे विनोदपट कोणीही दाखवू शकतो. पण खुला हक्क म्हणजे चांगली प्रत नव्हे. झिजलेल्या निगेटिव्हवरच्या चौथ्या-पाचव्या पिढीच्या प्रती आता इंटरनेटवर फुकट मिळतात आणि बहुतेक लोक त्याच पाहतात. जुळवलेली, तपासलेली आणि योग्य गतीची प्रत मात्र अजूनही मोजक्या संस्थांकडेच असते. पूर्वी निगेटिव्हचा मालक चित्रपटाचे रूप ठरवत असे, आता ते उत्तम प्रत जपणारे संग्रहालय ठरवते. म्हणून नवी डिजिटल आवृत्ती तयार झाल्यावरही ही संग्रहालये मूळ फिल्म फेकून देत नाहीत. ती थंड आणि कोरड्या कोठारात ठेवतात, कारण पुढच्या पिढीचे स्कॅनर त्याच फिल्ममधून अधिक काढू शकतील आणि राहून गेलेली चौकट उद्या दुसऱ्या देशातल्या डब्यात सापडली, तर ती ताडून पाहायला मूळ प्रत हाताशी लागते.